आठव्या रेघेवरचा ठिपका

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले. नवऱ्याशी बोलले, सासूशी तर रोज बोलायचे, नाहीतर संसार चाललाच नसता. त्यातलं एकही आता आठवत नाही. आठवतं ते लग्नाआधीचं एकच, आणि तेही तोंडाने कमी, बोटाने जास्त केलेलं. भिंतीवर केलेलं.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. अड्याळचा बाजार करून माणसं दिवस मावळायच्या आत घरी परत यायची, इतकं जवळ. घर साधं, मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. घराला लागून बंडीचा कोठा. बंडी म्हणजे आमची बैलगाडी. कोठ्याच्या आतल्या भिंतीवर दोन हात लांब आणि हातभर उंच असा एक तुकडा होता, त्याला दिवाळीत कोणी हात लावायचा नाही. सगळं घर पांढऱ्या मातीने सारवून लख्ख व्हायचं आणि तो तुकडा मात्र मळकाच राहायचा. बाहेरून येणाऱ्याला वाटावं की या घरच्या बाया आळशी आहेत. तो तुकडा बाबांचा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा तिथे रेघा ओढायचे. बंडीच्या चाकाच्या वंगणात बोट बुडवायचे आणि दिवसाला एक उभी रेघ. त्या दिवशी पूर्वेकडून ढग आला असेल तर रेघेच्या डोक्यावर एक ठिपका, पाऊस पडला तर ठिपका जाड. कार्तिक पुनवेपर्यंत पस्तीस रेघा होत. बाबांचं म्हणणं असं, की दरवर्षी आभाळाची एक चाल ठरते आणि ती या पस्तीस दिवसांतच ठरते. पुढे होळीपर्यंत आभाळ तोच फेरा पुन्हा पुन्हा घालतं. म्हणून कार्तिक पुनव झाली की बाबा पुन्हा पहिल्या रेघेवर यायचे आणि रोज एक-एक रेघ पुढे सरकायचे. दुसरा फेरा कच्चा, नुसतं मळभ दाखवणारा. तिसरा पक्का. थंडीतला अवकाळी पाऊस, वादळ, गारा, जे काय यायचं ते तिसऱ्या फेऱ्यात, ठिपक्याच्या दिवशी.

हे खरं की खोटं, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी एवढंच सांगते की त्या दिवसांत धानाचे पुंजणे शेतात उभे असत. कापलेल्या धानाचे भारे रचून केलेली ती गंजी जोवर बंद आहे तोवर थोड्याफार पावसाला दाद देत नाही. पण एकदा पुंजणा फोडून धान चुरायला, म्हणजे मळणीला, खळ्यावर पसरलं आणि वरून पाणी आलं, की वर्षाची मेहनत मातीत. म्हणून पुंजणा कधी फोडायचा हा आमच्याकडे घराघरातला प्रश्न, आणि अर्ध्या गावाचा तो प्रश्न आमच्या कोठ्यात सुटायचा. माणसं यायची, भिंतीकडे बघायची, बाबांच्या बोटाकडे बघायची आणि तंबाखू मळत निघून जायची. बाबा बोलायला कमी. त्यांचा मान होता तो तेवढ्या दोन हात भिंतीवरच.

एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, लक्षात ठेवत जा ना. भित कायले खराब करता?"

"डोस्क्यात ठेवलं का माणूस आपल्याले पायजे तसं आठवते," बाबा म्हणाले. "भितीले काय पायजे? भितीले काहीच नाही पायजे."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी जिल्हा तुटून तीन-चार वर्षं झाली असतील. आत्याचं गाव तिकडे गोंदियात गेलं होतं, पण बाबा ते मानायला तयार नव्हते. त्यांच्या हिशोबी भंडारा एकच होता. त्या दिवाळीच्या तोंडावर आत्याचे यजमान गेल्याची खबर आली आणि बाबा चार दिवसांसाठी तिकडे निघाले. जाताना मला म्हणाले, "रोज एक रेघ. ढग आला त ठिपका. इसरू नोको वो." बारा रेघा झाल्या होत्या. मी हो म्हटलं. अठरा वर्षांची होते, हो म्हणायला काय जातं.

ते गेले आणि मुलाकडच्यांचा दुसरा निरोप आला. पहिला आठवड्यापूर्वीच आला होता, वरठीचं स्थळ, मुलगा कारखान्यात. बाबा परतले की दुसऱ्याच दिवशी ते मला बघायला येणार होते. ओसरीवर बसलं की समोर उघडा कोठा आणि कोठ्याची ती काळी-मळकी भिंत बरोबर डोळ्यासमोर. मला लाज वाटली. इतकी लाज मला पुढे कशाचीच वाटली नाही. आई नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी शेण-माती कालवली आणि जाडसर हात मारला, वाळल्यावर त्यावर पांढऱ्या मातीचे दोन हात दिले. वंगणावर माती धरत नाही, घसरत होती. मीही हट्टी, दाबून दाबून बसवली.

आई आली, बघितलं आणि डोक्यावरचं टोपलं तसंच धरून उभी राहिली. "बाबाची भित सारवली? काहून वो? डोस्कं गेलं का तुहं?"

"मी काढून देतो ना रेघा," मी म्हटलं. आमच्याकडे मुलीही देतो-जातो म्हणतात. "मले सारं आठवते."

आणि मी काढल्या. वंगणात बोट बुडवून बाबांसारख्याच, जरा वाकड्या, वर बारीक आणि खाली जाड. बारा बाबांच्या, एक माझ्या त्या दिवसाची. ठिपका एकच दिला, पाचव्या रेघेवर. पाचवी रेघ म्हणजे कोजागिरी, आणि कोजागिरीला आभाळ भरून आलं होतं, दुधात चंद्र दिसलाच नव्हता, आम्ही बहिणी-बहिणी रुसलो होतो, हे मला लख्ख आठवत होतं.

बाबा परतले. भिंत बघून थबकले. मी आधीच तयारी ठेवली होती. म्हटलं, "रेघा सोडून सारवलं, बाबा. एक एक रेघ जपली." त्यांनी जवळ जाऊन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हुशार हाय माही बाई." पाहुण्यांसमोरही तेच म्हणाले. लग्न ठरलं, उन्हाळ्यात करायचं झालं.

चार-पाच दिवसांनी आई शेजारणीशी बोलत होती. म्हणत होती, या वर्षी कोजागिरीचं चांदणं असं पडलं होतं की मी अंगणात बसून एका झटक्यात सुई ओवली, डोळे अजून चांगले आहेत माझे. मी पाट्यावर मिरची वाटत होते. हात थांबला. ढगाळ कोजागिरी गेल्या वर्षीची होती. मला पाहिजे तसं मला आठवलं होतं.

आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. खरंच नव्हतं. कोणाला काय बोलायचं ते मी तोंडावर बोलायची. पण त्या दिवशी कोठ्यापर्यंत गेले, बाबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि मी पाण्याची बादली ठेवून परत आले. त्यांनी मला हुशार म्हटलं होतं ना. शिवाय वाटलं, एका ठिपक्याने काय होतं. आणि मग खरे ढग कोणत्या दिवशी आले होते, तेही मला सांगता आलं नसतं. त्या आठवड्यात वरठीचा पहिला निरोप आला होता. मी कशाला आभाळाकडे बघते?

पुढच्या रेघा बाबांनी स्वतः ओढल्या. त्यांत विसाव्या रेघेनंतर एक-दोन ठिपके आले. कार्तिक पुनव झाली, दुसरा फेरा सुरू झाला. पाचव्या रेघेच्या दिवशी आभाळ निळंशार. आठव्याला मात्र दिवसभर मळभ होतं. संध्याकाळी बाबा भिंतीसमोर उभे राहिले, सोबत त्यांचा दोस्त. हा दोस्त म्हणजे आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत, ते काका. लहानपणी दोघं एकाच म्हशीवर बसून नदी ओलांडत. बाबांच्या भिंतीवर बाबांपेक्षा काकांचा जास्त विश्वास.

"आठव्याले ठिपका नाही गा," काका म्हणाले.

"नाही." बाबा बराच वेळ बघत राहिले. "मले त आठवून राहिलं का दसऱ्याच्या मांगून आठवडाभरानं दोन दिवस ढग होते."

"मंग?"

"मंग काय. आठवणं माहं हाय. भित भित हाय."

मी चूल पेटवत होते. मधे फक्त एक दार होतं. दोन पावलं चालून जाऊन मी म्हणायचं होतं, बाबा, तुम्हाला आठवतं तेच खरं. चुलीत फुंकर मारत राहिले. धूर डोळ्यांत गेला म्हणून रडताही आलं, तेवढं बरं झालं.

तिसरा फेरा लागला तेव्हा थंडी कडाक्याची होती, संक्रांत जवळ आलेली. पाचव्या दिवशी सकाळी चार ढग इकडून तिकडे गेले. नशीब असं की तेही त्याच दिवशी जावेत. बाबांचा चेहरा उजळला. "पाह्य, पाचव्याचा आला आन गेला," ते काकांना म्हणाले. "आता विसाव्यापावतर उघाड. फोड पुंजणे." काकांनी सहाव्याला फोडले, आम्ही सातव्याला. बाबांच्या शब्दावर गावात आणखीही दोन-तीन खळ्यांवर धान पसरलं.

आठव्या दिवशी दुपारी मी खळ्यावर पेंढ्या उलथत होते. आधी वारा थांबला. मग पूर्वेकडून असा आला की खळ्यावरचं सूप उडालं. मी बाबांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत नव्हते, आपल्या बोटांकडे बघत होते, पेरं मोजत होते. पहिले दोन-चार थेंब पडले, आणि मग गारा. बोराएवढ्या, नंतर लिंबाएवढ्या. ताडपत्री एकच होती, ती आई आणि मी एका टोकाला धरतो तर दुसरं टोक वारा नेई. शेजारच्या खळ्यावर काका आपल्या धानावर उपडे पडले होते, हात पसरून. अंगाने कितीसं धान झाकतं? पाठीवर गारा पडत होत्या आणि ते हलत नव्हते. तासाभरात सगळं संपलं. खळ्यात घोटाभर पाणी, त्यावर तरंगणारं धान आणि वितळणाऱ्या गारा. चौथ्या दिवशी त्या धानाला मोड आले. हिरवेगार, छान मोड.

बाबा घरी आले ते ओलेच कोठ्यात गेले. मी टॉवेल घेऊन मागे गेले. त्यांनी पहिल्या रेघेपासून बोट फिरवलं आणि आठव्या रेघेवर येऊन थांबले. रेघेच्या डोक्यावर मोकळी पांढरी माती होती.

"बाबा, डोस्कं पुसा."

"डोये गेले माहे," ते म्हणाले. "दिसत नाही मले आता आभाय. दिसलं असतं त ठिपका दिला नसता का?"

तेव्हाही मी बोलले नाही. हे मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही आणि कोणी करावं अशी माझी अपेक्षाही नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा काकांकडे गेले आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आई सांगत होती. काकांनी हात धरून उठवलं आणि म्हणाले, "ढग काय तुह्या घरचा नौकर हाय का गा? सांगतलं का थांबला?" बाकीची माणसं मात्र तेवढी मोठ्या मनाची नव्हती. कोणी भांडलं नाही. नुसतं येणं बंद झालं. पुढच्या वर्षी काकांनीही हवामान ऐकायला रेडिओ आणला. दोघं बसायचे, बैलांचं बोलायचे, पोरांचं बोलायचे, वर मात्र दोघांतलं कोणी बघायचं नाही.

त्या होळीला बाबांनी भिंत खरडली नाही. दरवर्षी जुन्या रेघा खरडून नव्याने माती देत, ते केलंच नाही. दसरा आला, रेघ ओढली नाही. दिवाळीत आईने तो तुकडा बाकीच्या भिंतीसारखाच सारवून टाकला आणि आमचा कोठा चार लोकांच्या कोठ्यासारखा पांढरा झाला. मला तोवर वरठीत सहा महिने झाले होते. नवरा सकाळी मोटारसायकलला डबा अडकवून निघायचा, सायकलींची रांगच्या रांग कारखान्याच्या फाटकाकडे जायची, आणि मी दारात उभी राहून आभाळात ढग आहे का ते बघायची. ही सवय मला तिथे लागली. माहेरी असताना लागायला हवी होती.

वर्षं गेली. आई गेली. काका गेले, गोसीच्या धरणाचं पाणी वर यायच्या आधीच. मग गाव उठलं. नव्या जागी सिमेंटची घरं, सरळ रस्ते, एकाही झाडाची सावली नाही. जुनी घरं ज्याची त्याने पाडून लाकूड, कवेलू न्यायचे. मी चार दिवस माहेरी गेले. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन बिघडलेलं. माणूस ओळखायचे ते आवाजावरून. त्यांना अंगणात खाटेवर बसवलं होतं. घर मोडताना त्यांना दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

कोठ्याचं छप्पर आधी काढलं होतं आणि मधे दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. उघड्या भिंतीवरून माती पापुद्र्यांनी सुटली होती. मी वासे मोजायला गेले आणि तिथेच बसले. आईची माती गळून पडली होती. माझी, दाबून दाबून बसवलेली, तीही खाली पडली होती, माझ्या रेघांसकट. वंगणावर माती धरत नाही. खाली बाबांच्या बारा रेघा होत्या, जशाच्या तशा. पाचवी मोकळी. आठवीवर ठिपका, नववीवर ठिपका.

मी बाबांजवळ गेले, खाटेखाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं. सुई, मिरची, चूल, सगळं. त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "ने मले."

मी त्यांना धरून नेलं. त्यांचं बोट पहिल्या रेघेवर ठेवलं. ते चाचपत गेले, एक, दोन, ओठ हलत होते. आठवीवर आले, वर सरकले, ठिपक्याचा उंचवटा बोटाला लागला. तिथे बोट राहिलं.

"मले आठवत होतं," ते म्हणाले.

"हो बाबा."

"बरोबर आठवत होतं. मीनच नाही मानलं." माझ्यावर रागावले असते तर सोपं झालं असतं. ते नुसते त्या ठिपक्यावर बोट फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "त्याले सांगाव लागत होतं वो. तो त गेला, माही चूक समजून गेला. आता कोनाले सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या मुलाकडे गेले. त्यांना जागा दुसऱ्या वसाहतीत मिळाली होती. मुलगा नळाचा पाइप जोडत होता. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, त्या वर्षी चूक माझी होती, बाबांची नव्हती. त्याने पाना खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं. "कोनत्या वर्षी, ताई?" तो म्हणाला. "गारा त दर दोन-तीन सालाले पडते. चहा घेता?"

त्याला काही आठवत नव्हतं. त्याच्या बापाची गारांनी सुजलेली पाठसुद्धा आठवत नव्हती. मी चहा घेतला, चांगला झाला म्हटलं आणि निघाले.

बाबा खाटेवर वाट बघत होते. पावलांवरून ओळखलं. "सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हनला?"

मी त्यांच्या शेजारी बसले. "म्हनला, माहे बाबा मरेपर्यंत सांगत होते," मी म्हटलं. "का भितीची चूक झाली असन, मान्साची नाही. माह्या दोस्ताचा डोया खोटा नाही."

बाबांनी मान हलवली. पलीकडे कोठ्याची भिंत पाडून झाली होती, माणसं माती सारत होती. मग बाबांनी माझा हात चाचपून धरला.

"परत सांग," ते म्हणाले. "काय म्हनला तो?"

मी परत सांगितलं.